नवे इंधन आणि जुनी ओ-रिंग

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात, पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या साथीने तयार केलेले देशी शाश्वत इंधन, म्हणजे खनिज तेलाऐवजी जैविक कच्च्या मालापासून बनवलेले इंधन, मिसळलेले होते. तेव्हापासून या विषयाची आपल्याकडे बरीच चर्चा होते, परंतु ती बहुधा कच्चा माल आणि किंमत यांपाशीच थांबते. रबराच्या भागांच्या चाचण्या करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याआधी ओ-रिंगची, म्हणजे सांध्यातून इंधन गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्याची, काळजी वाटते.

नेहमीच्या जेट ए-१ इंधनात ॲरोमॅटिक संयुगे (बेंझिनसारखी वलयाकार रचना असलेली हायड्रोकार्बन) असतात व त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत चालते. पंप, झडपा आणि नळ्यांच्या सांध्यांतील ओ-रिंगांचे नायट्राइल रबर ती शोषून किंचित फुगते, आणि सांधा घट्ट राहण्यात या फुगण्याचा वाटा मोठा असतो. वनस्पती तेलापासून किंवा अल्कोहोलपासून बनवलेल्या बहुतेक मान्यताप्राप्त पर्यायी इंधनांत ही संयुगे जवळजवळ नसतात; म्हणून एएसटीएम या मानक संस्थेच्या डी७५६६ या मानकानुसार अशा इंधनाच्या जेट ए-१ बरोबरच्या मिश्रणात त्यांचे प्रमाण किमान ८ टक्के राखावे लागते.

कोरी ओ-रिंग नव्या इंधनात बुडवून तिचे आकारमान मोजणे आवश्यक आहे, पण माझ्या मते ते पुरेसे नाही. विमानात वर्षानुवर्षे दाबाखाली राहिलेल्या रिंगमधील प्लास्टिसायझर (रबर मऊ ठेवणारे द्रव्य) जेट ए-१ ने बाहेर ओढून घेतलेला असतो, रबराने कायमचा चपटेपणा धरलेला असतो, आणि तरीही ती गळत नाही ती बऱ्याच अंशी फुगलेली असल्यामुळे. भोवतीचे इंधन बदलले की शोषलेली संयुगे बाहेर पडतात, रबर आकसते, आणि मूळची लवचिकता उरलेली नसल्यास गळती सुरू होऊ शकते. म्हणून रिंग आधी नेहमीच्या इंधनात, उष्णतेत आणि दाबलेल्या स्थितीतच जुनी करावी, मग सांधा न उघडता इंधन बदलावे, आणि त्यानंतर तापमान शून्याच्या बरेच खाली नेऊन गळती पाहावी, कारण थंडीत रबर अधिकच ताठ होते. मध्येच रिंग काढून मोजली तर तिच्यावरचा दाब सुटतो आणि जे तपासायचे तेच हातचे जाते.

फ्लोरोसिलिकॉन आणि फ्लोरोकार्बन रबरांवर या बदलाचा परिणाम पुष्कळ कमी होतो. मात्र सेवेत असलेल्या जुन्या विमानांतील प्रत्येक नायट्राइल सील बदलणे सोपे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचे विमान केवळ शाश्वत इंधनावर लंडनहून न्यूयॉर्कला गेले, तेव्हाही त्या इंधनात १२ टक्के कृत्रिम ॲरोमॅटिक केरोसीन होते. ते १२ टक्के वगळायचे असतील, तर आधी जुन्या ओ-रिंगांवर केलेल्या अशा चाचण्यांचे निष्कर्ष हाती असले पाहिजेत.