मॅनिफेस्टमध्ये आधीच सांगून ठेवावे लागते ते

इंदूरच्या रामबाग भागातल्या एका छोट्या मराठी ग्रंथालयासाठी मी पुस्तकांच्या नोंदींचे विंडोज ॲप लिहिले आहे. जुना इन्स्टॉलर सोडून ते एमएसआयएक्स (विंडोजवर ॲप बसवण्यासाठीचा मायक्रोसॉफ्टचा पॅकेज-प्रकार) पॅकेजमध्ये दिले, त्याच आठवड्यात ग्रंथपाल काकूंचा फोन आला, "अरे, नोंदींच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं, की आता कोणत्या ॲपनं उघडू असं विचारतंय."

चूक माझीच होती. ॲप पहिल्यांदा सुरू होताना आपल्या फाइलप्रकाराची नोंद स्वतःच रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, करत असे. पॅकेजमधल्या ॲपने वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत काही लिहिले, की विंडोज ते त्या ॲपपुरत्या खासगी जागेत वळवते. त्यामुळे ती नोंद ॲपला दिसत होती, फाइली दाखवणाऱ्या एक्सप्लोररला दिसत नव्हती.

बाहेरच्यांना जे कळायला हवे, ते मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पॅकेजची माहिती देणाऱ्या त्यातल्याच फाइलमध्ये, जाहीर करावे लागते. 'ॲप्लिकेशन' घटकाच्या आत 'एक्स्टेन्शन्स', त्यात 'एक्स्टेन्शन', आणि त्याच्या 'कॅटेगरी'मध्ये 'विंडोज.फाइलटाइपअसोसिएशन' असे लिहिले, की आपला फाइलप्रकार कोणता हे विंडोजला पॅकेज बसवतानाच, आपल्या कोडची एकही ओळ न चालवता, समजते. आणि ॲप काढून टाकले की ती नोंदही मागे न राहता निघून जाते, जे आमच्या जुन्या इन्स्टॉलरला कधीच नीट जमले नव्हते. फाइलप्रकारांच्या गटाचे नाव मात्र सगळे लहान लिपीतल्या रोमन अक्षरांत हवे. मी पहिले अक्षर मोठे ठेवले होते आणि तेवढ्यावर पॅकेज अडले. दुरुस्त केलेले पॅकेज काकूंच्या संगणकावर बसवले, तेव्हा ॲप एकदाही उघडण्याआधी त्यांच्या जुन्या फाइलींवर आमचे चिन्ह आले होते.

मला याहून महत्त्वाची वाटते ती 2016 च्या विंडोज 10 ॲनिव्हर्सरी अपडेटमध्ये आलेली सोय. तिच्यामुळे आपले ॲपच दुसऱ्यांसाठी यजमान होऊ शकते. यजमान ॲप 'विंडोज.ॲपएक्स्टेन्शनहोस्ट' या कॅटेगरीखाली एक नाव जाहीर करते, आणि पूरक पॅकेज 'विंडोज.ॲपएक्स्टेन्शन'खाली नेमके तेच नाव देते. पूरक पॅकेजने 'पब्लिकफोल्डर' म्हणून जो फोल्डर दाखवला असेल, त्यातल्या फाइली यजमानाला वाचता येतात. पुस्तकांवर चिकटवायच्या लेबलांचे नमुने आता मी अशाच वेगळ्या पॅकेजमध्ये हलवतो आहे, म्हणजे एका लेबलाची रुंदी बदलायची म्हणून काकूंना सबंध ॲप पुन्हा घ्यावे लागणार नाही.