मागून बसलेली पिकअप

हापूसच्या पेट्या भरून आंबा घाट चढताना समोरचे चालक मला सारखे दिवे का मारतात, याचा उलगडा आज रत्नागिरीतील गॅरेजमध्ये झाला. मागचे पाटे, म्हणजे भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, दबून गाडीचे तोंड वर होत होते आणि माझाच हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात होता. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली, तेव्हा रिकाम्या गाडीचे ४६ सेंटिमीटर अंतर भरल्यावर ३७ वर आले.

दोन जाड पाटे वाढवावेत, असे मी ठरवूनच गेलो होतो; पण मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे तसे केल्यास परतीच्या रिकाम्या फेरीत गाडी मागून उडते आणि पावसाळी रस्त्यावर मागच्या चाकांची पकड सुटते. ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसणारे हवेचे फुगे भाराप्रमाणे कमी-जास्त भरता येतात, हे मला आवडले होते. मात्र एखादा फुटला तर घाटातच अडकण्याची भीती वाटली. शेवटी भार आल्यावरच काम करणारा एक हेल्पर पाटा घेतला.

जुना संच सोडवल्यावर खाऱ्या हवेने पाट्यांमध्ये साठलेल्या गंजाच्या खपल्या हातात आल्या आणि मधल्या बोल्टजवळ केसाएवढी चीरही दिसली. तो पाटा बदलला, बाकीच्यांना ग्राफाइट ग्रीस लावले. पाटा वाढला म्हणून आरसी बुकातील वजनाची मर्यादा वाढत नाही, हे मिस्त्रींनी दोनदा बजावले. बहुधा मागच्या पेट्या त्यांनी मोजल्या असाव्यात.