तुम्ही विचारलंत म्हणून: देवमाशाला वाट कशी सापडते

कुणीतरी ओळख करून देतं, "हे मर्चंट नेव्हीत होते," आणि पाच मिनिटांत तो प्रश्न येतोच. "तुम्ही तर जहाजाचा रस्ता आखायचात. मग सांगा, देवमाशांना एवढ्या समुद्रात वाट कशी सापडते? जीपीएस असतं का त्यांच्यात?" मी काहीतरी पुटपुटतो, विषय बदलतो. लोकांना वाटतं, याला माहीत नाही किंवा हा शिष्ट आहे. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पण टाळून टाळून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

देवमासे कुठून कुठे जातात, थंड पाण्यात खातात आणि उबदार पाण्यात पिल्लं देतात, हे तुम्हाला ठाऊक असतं. माहितीपट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलेत. तुम्हाला हवं असतं एका यंत्राचं नाव. जीपीएस नाही तर मग सोनार? तेही नाही. ज्यांच्या प्रवासाचं तुम्हाला एवढं कौतुक आहे ते हंपबॅक, ग्रे, ब्लू, फिन हे सगळे बिनदातांचे, तोंडात गाळणी असलेले देवमासे. सोनार, म्हणजे टकटक आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वेध घेणं, हे दातवाल्यांचं काम, स्पर्म व्हेलचं आणि डॉल्फिनचं. गाळणीवाले ते करत नाहीत. हे मी किती वेळा सांगितलं असेल, आणि पुढच्या वेळी तोच माणूस पुन्हा "सोनार" म्हणतो.

पण यंत्राचं नाव ठोकून देण्याची सवय मलाही होती. सेकंड ऑफिसर असताना माझं उत्तर तयार असायचं: "पृथ्वीचं चुंबकत्व. आपल्यासारखंच होकायंत्र, फक्त डोक्यात बसवलेलं." ऐकणारा खूश, मी खूश. आज त्या तरुण ऑफिसरला विचारावंसं वाटतं, अरे, होकायंत्र दिशा सांगतं, आपण कुठे आहोत हे कधी सांगतं का? कॅडेटला, शिकाऊ पोराला, हे तू पहिल्याच आठवड्यात शिकवतोस. नाक उत्तरेला धरलं तरी करंट, म्हणजे समुद्राचा प्रवाह, तुला बाजूला ढकलत राहतो, आणि पाण्यात असताना ते कळत नाही, कारण सगळं पाणीच तुझ्यासोबत सरकत असतं. त्यासाठी फिक्स लागतो, म्हणजे आपण नेमके कुठे आहोत याची बाहेरची खूण. किनाऱ्याचा, ताऱ्यांचा, उपग्रहाचा, कशाचा तरी.

2011 साली 16 हंपबॅकच्या उपग्रहावरून टिपलेल्या वाटा प्रसिद्ध झाल्या. उघड्या समुद्रात, आडव्या करंटमधून, काही काही पट्ट्यांत दोनशेहून अधिक किलोमीटर त्यांचा मार्ग एका अंशाच्या आत सरळ होता. नाक कुठे होतं ते सोडा, समुद्रतळावर रेघ ओढली तर ती सरळ. आणि वाटेत चुंबकीय उत्तर सरकत होती, सूर्य सरकत होता. एकट्या चुंबकाने किंवा एकट्या सूर्याने हे जमतं असं मांडता येईना. मी हे वाचलं तेव्हा शिप सोडून झाली होती. का वाचलं, ते सांगतो. खरं तर लिहायला बसलो ते त्यासाठीच.

पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला चाललो होतो. कंटेनर जहाज, तीनशे मीटरच्या आसपास. रात्री बारा ते चारची वॉच, म्हणजे पहारा, माझी. पोहोचायला एक रात्र बाकी. समुद्र शांत, रडार स्वच्छ. दोन चाळीसला जीपीएसचा वेग 19.8 नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) 19.2 वर आला. मी आकडा पाहिला. पाच मिनिटं वाट पाहिली, तो तिथेच. म्हटलं, करंट लागला. लॉगबुकात, जहाजाच्या नोंदवहीत, लिहिलं: करंट, अर्धा नॉट, विरुद्ध. चहा घेतला. चारला वॉच दिली आणि झोपलो. त्याच दिवशी दुपारी चीफ इंजिनीअर जेवताना म्हणाला, इंजिन जरा जड चाललंय, हलला, म्हणजे जहाजाच्या पाण्यातल्या अंगाला, शेवाळ धरलं असणार. त्यावर आम्ही थोडी गंमतही केली.

त्याच्या पुढच्या पहाटे पायलट, म्हणजे बंदरात वाट दाखवणारा माणूस, घ्यायला वेग कमी केला. जहाज ओढणाऱ्या टगबोटीवाल्याचा आवाज व्हीएचएफ रेडिओवर आला, अगदी सपाट: कॅप्टन, तुमच्या नाकावर देवमासा आहे. मी पुढे फोकसलवर, जहाजाच्या अगदी पुढच्या डेकवर, गेलो आणि कठड्यावरून खाली वाकलो. जहाजाच्या नाकाखाली पाण्यात जो फुगीर बल्ब असतो, त्यावर तो आडवा पडला होता. ओल्या गादीची घडी घालावी तसा मधोमध वाकलेला. फिन व्हेल. अठरा मीटरचा तरी असावा. त्याचा खालचा जबडा उजव्या बाजूला पांढरा असतो आणि डाव्या बाजूला काळा. निसर्गाने असं का केलंय कोण जाणे. पांढरी बाजू वर होती. पाणी तिच्यावरून जात होतं आणि ती दर वेळी लख्ख धुऊन निघत होती. मी तिथे किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. बोसनने, खलाशांच्या मुकादमाने, हाक मारली तेव्हा माझ्या हातातला वॉकीटॉकी केव्हापासून खरखरत होता.

मनात एकच होतं: तो आधीच मेलेला असू दे. तरंगत असेल, आम्ही फक्त उचलला असेल. तसं होतंही. तपासायला आलेल्यांपैकी एकाला मी विचारलं. तो म्हणाला, चरबीखाली रक्त साकळलंय. मेलेल्याला मुका मार लागून रक्त साकळत नाही.

मग मी लॉग उघडला. ज्याने वॉच केलीय त्याला लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगतो. जहाजावर वेगाचे दोन आकडे असतात: जमिनीच्या हिशेबाने आणि पाण्याच्या हिशेबाने. करंट असता तर पहिला कमी झाला असता, दुसरा जागचा हलला नसता. त्या रात्री दोन्ही कमी झाले होते, एकाच मिनिटाला. दोन्ही माझ्यासमोर होते. मी एकच पाहिला. तीस तास आम्ही त्याला ढकलत नेलं, आणि मी त्याला करंट म्हटलं.

ठीक आहे, माझ्या बाजूनेही बोलतो. अंधारात, तीनशे मीटर लांब जहाजाच्या मागच्या ब्रिजवरून, जिथून जहाज चालवतात तिथून, नाकापुढचं पाणी दिसतच नाही. दिसलं असतं तरी एवढं धूड थांबायला मैलभर घेतं. आणि आवाज? इंजिन आणि प्रोपेलर मागे असतात, सगळा हल मध्ये येतो, त्यामुळे जहाजाच्या अगदी पुढ्यात आवाज बराच दबलेला असतो. जिथून धोका येतो तिथेच कमी ऐकू येतं. हे मी स्वतःची समजूत घालायला शोधलं आणि निघालं ते भलतंच.

त्यानंतरच मी हे सगळं वाचायला लागलो. खरा प्रश्न वेगळाच होता: तो वाट चुकला होता का? चुकला असता तर माझा थोडा भार हलका झाला असता.

वार्वारा नावाची ग्रे व्हेल रशियाच्या सखालिन बेटापासून मेक्सिकोपर्यंत जाऊन परत आली, 172 दिवसांत 22,511 किलोमीटर. ग्रे किनारा धरून जातात, किनारा ओळखत जातात, हे सोपं उत्तर तिच्यापुढे अडतं: तिने उघडा समुद्र कापला, आणि येतानाची वाट जातानाची नव्हती. कॅलिफोर्नियाजवळचे ब्लू व्हेल तर यंदा खाद्य कुठे आहे यापेक्षा गेल्या कित्येक वर्षांत सरासरी कुठे, केव्हा असायचं त्या हिशेबाने पुढे सरकतात, असं 2019 च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे आठवण. पहिला प्रवास पिल्लू आईच्या कुशीला लागून करतं, हेही आहेच. आणि चुंबकाचं भूत पुरतं उतरलेलं नाही: 2020 मध्ये ग्रे व्हेल जिवंत किनाऱ्याला लागल्याच्या 186 घटना तपासल्या, तेव्हा सूर्याकडून येणारा रेडिओ गोंगाट जास्त असलेल्या दिवशी ती शक्यता चौपटीहून जास्त निघाली. म्हणजे होकायंत्र चुकीची दिशा दाखवत नसून काही काळ आंधळंच होत असावं. असावं म्हणतोय. कासवाच्या पिल्लाला टाकीत सोडून भोवती तारांची वेटोळी लावता येतात, चुंबकीय क्षेत्र बदलून ते कुठे वळतं ते पाहता येतं, आणि ते पाहिलंही आहे. तीस टनांच्या हंपबॅकसाठी टाकी आणायची कुठून?

आणि ऐकणं. फिन व्हेलचा आवाज 20 हर्ट्झच्या आसपास, आपल्या कानाच्या उंबरठ्यावर, शेकडो किलोमीटर जाणारा. लाटा किनाऱ्यावर फुटतात, बर्फ तडकतो, हे ते लांबून ऐकत वाट काढत असतील ही कल्पना मला फार आवडते, म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास कमी. आमच्या प्रोपेलरांचा गोंगाट नेमका त्याच खालच्या पट्टीत असतो. सप्टेंबर 2001 मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर, जहाजं थोड्या दिवसांसाठी कमी झाली तेव्हा कॅनडाच्या बे ऑफ फंडीतल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं कमी सापडली.

तर तुमच्या प्रश्नाला एका यंत्राचं नाव माझ्याकडे नाही. बहुधा बरंच काही एकत्र चालतं: आठवण, कान, सूर्य, चुंबक, आई. माझ्या फिन व्हेलपुरतं तर तेवढंही सांगता येत नाही. फिन हंपबॅकसारखे ठरल्या वाटेने जातातच असं नाही; काही वर्षभर एकाच समुद्रात राहतात. तो कुठे निघाला होता, निघाला तरी होता का, हे कशावरून ठरवू? कधी वाटतं, तो अगदी बरोबर वाटेवर होता. कधी वाटतं, असं मानण्यात मी स्वतःला शिक्षा देतोय आणि त्याचंही मला बरं वाटतंय.

लॉगबुकातली नोंद खोडायची नसते. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला दुरुस्ती आणि सही. त्या पोर्टमध्ये दोन दिवस होतो. पान माझ्यासमोर होतं. मी रेघ मारली नाही. तिथे अजून तेच लिहिलेलं असणार: 02:40, करंट, अर्धा नॉट, विरुद्ध. खाली माझी सही.