हलगी गेटच्या आत आली पाहिजे

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो हे शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे, १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला आणि १९८७ पासून आपण तो दिवस साजरा करतो, भाषण होतं, पोस्टर लागतात, विज्ञान रांगोळी होते. पण ह्याच सी. व्ही. रामन यांनी त्याच्या आठ वर्षं आधी, म्हणजे १९२० मध्ये, शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये आपल्या मृदंग-तबल्यावर लिहिलं होतं, हे विज्ञान दिनाच्या भाषणात मी तरी कधी ऐकलं नाही. आणि गाण्याच्या मैफलीत तर रामन यांचं नाव निघायचा प्रश्नच नाही. सोलापुरात दोन्हीचे श्रोते आहेत, हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला, गाण्याला लोक येतात, केगावच्या विज्ञान केंद्रात शाळेच्या गाड्या भरून पोरं जातात, पण हे दोन घोळके एकमेकांना भेटतच नाहीत.

म्हणून ह्या वेळी आम्ही काही जणांनी पूर्व भागातल्या एका शाळेच्या पटांगणात संध्याकाळचा एक छोटा कार्यक्रम केला. एक हलगीवाले मामा, एक तबल्याचे सर, एक फिजिक्सच्या मॅडम, आणि समोर पोरं, त्यांचे आईवडील, आज्या, शेजारच्या कारखान्यातून सुटलेले कामगार. प्रास्ताविक नाही, दीपप्रज्वलन नाही. सुरुवातच मामांनी केली. पटांगणाच्या कडेला कागद-काड्या पेटवल्या आणि हलगी शेकायला घेतली. त्याआधी मॅडमनी त्यांना न शेकता वाजवायला सांगितलं होतं, आवाज एकदम बसका, मग शेकून वाजवली तर कडाडली, आणि पोरं उठून उभीच राहिली.

आता हे दृश्य सोलापूरकरांना नवीन आहे का? अजिबात नाही. मिरवणुकीत, जयंतीला, लग्नात रस्त्याच्या कडेला जाळ करून हलगी शेकताना सगळ्यांनी बघितलंय. पण का शेकतात हे त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं गेलं. कातड्यात ओल असते, उष्णतेनं ती उडते, कातडं आकसतं, ताण वाढतो, ताण वाढला की कंपनं वाढतात, सूर चढतो. मॅडमनी सांगितलं की ताण चौपट झाला तर कंपनसंख्या दुप्पट होते, चौपट होत नाही, वर्गमुळाचा हिशोब आहे. तर मामा म्हणाले, "मॅडम, लई शेकली तर फुटतंय की, हाताला कळतंय कुठं थांबायचं." मग मॅडमनी विचारलं हाताला नेमकं काय कळतं, आणि मामा बराच वेळ बोलले, बोटानं टिचकी मारून कसं बघायचं, पावसाळ्यात किती वेळा शेकावं लागतं, शेकून किती वेळ टिकतं. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. मला विचाराल तर सगळ्या कार्यक्रमात सगळ्यात महत्त्वाचं हेच घडलं.

कारण एरवी काय होतं? प्रमुख पाहुणे आले की हलगी गेटबाहेर वाजते. पाहुणे आत गेले की वाजवणारे बाहेरच थांबतात, शाल-श्रीफळ आत वाटलं जातं. विज्ञानाच्या कार्यक्रमात कला आणायची म्हणजे स्वागतगीत आणि शेवटी एक नाच, एवढीच समजूत असेल तर काही उपयोग नाही. वाजवणाऱ्याकडे वाद्याचं जे ज्ञान आहे ते पिढ्यान्‌पिढ्या हाताने तपासलेलं आहे, त्याला स्टेजवर खुर्ची, माईक आणि वक्त्याइतकंच मानधन मिळालं पाहिजे, ह्यावर मी अडून राहणार आहे.

मग तबला. तबल्याच्या सरांनी आधी नुसता 'तिं' हा बोल वाजवला, मग सूर लावून दाखवला, हातोडीने गट्टे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकत. मॅडमनी मोबाईलवर फायफॉक्स नावाचं फुकट ॲप लावून आवाजाचा आलेख भिंतीवर टाकला (प्रोजेक्टर शाळेचाच होता). आलेखात आवाजातल्या एकेका सुराचं एकेक शिखर दिसतं. हलगीची शिखरं कुठंही वेडीवाकडी, तबल्याची मात्र जवळपास सारख्या अंतरावर ओळीनं उभी. हे का, तर साधा गोल ताणलेला पडदा घेतला आणि त्याचा पहिला सूर १ धरला तर गणितानं पुढचे १.५९, २.१४, २.३० असे येतात, तंबोऱ्याच्या तारेसारखे १, २, ३ पटीत येत नाहीत, म्हणून हलगीला ठसका असतो पण तिचा 'सा' कुठला ते सांगता येत नाही. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, शाईचा काळा गोल असतो, थरावर थर देऊन घासत चढवलेला, मधे जाड आणि कडेला पातळ, त्या वजनानं पडद्याची कंपनं सरकतात आणि पटीत येऊन बसतात. रामन यांनी दाखवलं की पुडीच्या कंपनाचे पहिले नऊ प्रकार मिळून पाचच सुरांत गोळा होतात. आणि ते बघायला त्यांनी काय वापरलं, तर बारीक वाळू! पुडीवर वाळू पसरायची, वाजवायचं, जिथं कातडं हलत नाही त्या रेषेवर वाळू गोळा होते.

आम्ही वाळूऐवजी रांगोळी वापरली आणि तबल्याच्या सरांचा जीव खालीवर होत होता, त्यांनी खास त्यासाठी जुनी पुडी आणली होती. रेषा उमटली तेव्हा सरांनी स्वतःहून सांगितलं की 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला टेकवून ठेवतात, ती का हे गुरूंनी सांगितलं नव्हतं, बोट उचललं की 'ना' बिघडतो एवढंच माहीत होतं. त्या टेकलेल्या बोटानं सगळ्यात खालचा सूर दबतो आणि वरचे मोकळे राहतात, रामन यांनी हे पण लिहून ठेवलंय.

मागून एका काकांनी विचारलं, "आमच्या भजनात पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतेत, ते पण हेच का?" हो काका, तेच! ओल्या कणकेचं वजन पडलं की सूर खाली उतरतो, घुमारा येतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, दर आषाढीला शेकडो मृदंग ह्या मातीतून वाजत जातात, आणि हा प्रश्न विचारायला एक माईक आणि पाच मिनिटं लागली. एक मुलगी हे सगळं शेजारी बसलेल्या तिच्या आजीला तेलुगूत सांगत होती, म्हणजे पूर्व भागात असा कार्यक्रम करायचा तर दोन भाषांत करायला पाहिजे, हे पण त्या दिवशी कळलं.

कला आणि विज्ञान एकत्र आणणं ही काही आम्ही काढलेली नवी गोष्ट नाही. केरळच्या शास्त्र साहित्य परिषदेनं १९८० मध्ये कला जथा काढला, गाणी आणि नाटुकली घेऊन गावोगाव, मग १९८७ मध्ये भारत जन विज्ञान जथा देशाच्या वेगवेगळ्या टोकांतून निघून भोपाळला पोचला. आपल्याकडे अंनिसवाले जिभेवर कापूर पेटवून दाखवतात आणि मग तो चमत्कार उलगडतात, ते तर अस्सल नाट्य आहे. शाळांचा विज्ञान नाट्योत्सव पण असतो, पोरं जीव तोडून काम करतात. फक्त एक सांगतो, त्यातल्या बऱ्याच नाटकांत शेवटी एक पात्र समोर येऊन प्रदूषणावर किंवा प्लास्टिकवर भाषण करतं आणि तिथं नाटक पण थांबतं आणि विज्ञान पण. प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहिला पाहिजे, त्याच्या आधीच उत्तर दिलं तर मजा जाते.

प्रयोगातून प्रश्न उभा राहिला की तो किती लांब जातो बघा. जर्मनीचा शास्त्रज्ञ क्लाडनी युरोपभर फिरून धातूच्या पत्र्यावर वाळू टाकायचा, पत्र्याच्या कडेला व्हायोलिनचा गज ओढायचा आणि वाळूत नक्ष्या उमटवायचा, लोक हे बघायला यायचे. १८०९ मध्ये पॅरिसला नेपोलियननं बघितलं, मग ह्या नक्ष्यांचं गणित मांडणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, आणि १८१६ मध्ये ते सोफी जर्मेन ह्या बाईंनी मिळवलं, तिसऱ्या प्रयत्नात. लोकांसमोर केलेल्या खेळातून खरं गणित जन्माला आलं.

पुढच्या वेळी आम्हाला माग आणायचाय. जेकार्ड मागावरच्या चादरीचं डिझाईन पुठ्ठ्याच्या कार्डावरच्या भोकांत असतं, भोक असेल तिथं हूक आणि त्याच्याबरोबर धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही, फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला हे यंत्र आलं आणि पुढे इंग्लंडच्या बॅबेज ह्या गणितज्ञानं आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना उचलली. तर पोरांनी केरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा मात्रा अशाच कार्डावर भोकं पाडून लिहायच्या, आणि मामांनी आणि तबल्याच्या सरांनी ते कार्ड वाचून वाजवायचं, असा बेत आहे. मामांना विचारलं तर म्हणाले, "भोकं मोठी पाडा, चष्मा विसरतो मी." कुणाच्या घरी, कारखान्यात जुनी जेकार्डची कार्डं पडून असतील तर रद्दीत घालू नका, कमेंटमध्ये सांगा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.