एका घरात पत्ते देणारे दोन: घरचं इंटरनेट ताळ्यावर आणतानाचा माझा अनुभव

दादरची जुनी इमारत, दीड फुटी भिंती, एकापुढे एक तीन खोल्या. फायबरचा डबा दाराजवळ आहे, वायफायही तोच देतो. तिथून बारा मीटर केबल आतल्या खोलीतल्या जुन्या राउटरला जाते, कारण दोन भिंती ओलांडून वायफाय आत पोचतच नाही. दाराजवळच्या खोलीतला डेस्कटॉप थेट डब्याला जोडलेला. लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर आणि तीन मोबाइल धरून एका जोडणीवर सात यंत्रं.

त्रास असा होता: दिवसभर सगळं नीट चालायचं. संध्याकाळी लॅपटॉपवर वायफायच्या पट्ट्या पूर्ण, पण खाली ‘नो इंटरनेट’. टीव्हीवर नुसतं चक्र फिरत राहायचं. त्याच वेळी आईच्या मोबाइलवर मात्र व्हिडिओ अडखळतही नव्हता. डबा बंद करून चालू केला की कधी सुधारायचं, कधी नाही. डेस्कटॉपवर तर इंटरनेट अजिबात नव्हतं.

एका यंत्रावर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे बाहेरची लाइन शाबूत आहे. तरी आधी डब्याचे दिवे बघावेत, त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. ‘पॉन’ (फायबरची जोडणी लागल्याचा दिवा) हिरवा स्थिर हवा आणि ‘लॉस’ विझलेला हवा. ‘लॉस’ लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. मग संगणकाशी झटापट न करता केबलवाल्याला फोन करायचा. आमचा ‘पॉन’ स्थिर होता. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळीही दिसते: उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असली तर ठीक. उणे २७ च्या खाली गेली की फायबर कुठेतरी जास्त वाकलीय किंवा जोड मळलाय असं समजावं.

मग चालू यंत्र आणि बंद यंत्र शेजारी ठेवून त्यांचे पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा आयपी क्रमांक) ताडून पाहिले. माझ्या मते पहिल्या पाच मिनिटांत हेच करावं, पण बहुतेक लोक शेवटी करतात. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल असं इंग्रजीत टाइप करायचं. चार ओळी बघायच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस (यंत्राचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार), डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा) आणि डीएनएस सर्व्हर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारा). मोबाइलवर यातली बरीचशी माहिती वायफायच्या नावावर दाबून तपशिलात मिळते.

आईच्या मोबाइलचा पत्ता होता १९२.१६८.१.१०४, गेटवे १९२.१६८.१.१. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१३७.८८, गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर दोन्ही १९२.१६८.१३७.१. दोष इथेच उघडा पडला.

आकड्यांवरून बरंच कळतं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर यंत्राला पत्ता द्यायला कोणीच पुढे आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला: केबल, सॉकेट किंवा वायफायचा पासवर्ड तपासा. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर पुरवठादाराने अनेक घरांना एक सार्वजनिक पत्ता वाटून दिलाय. त्याने साधं ब्राउझिंग अडत नाही, घरचा कॅमेरा थेट बाहेरून पाहणं मात्र अडतं. आणि १९२.१६८.१३७.१ हा विंडोजच्या ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’चा ठरलेला पत्ता आहे. म्हणजे घरातला एखादा विंडोज संगणक स्वतःच राउटर बनून पत्ते देत होता.

तो डेस्कटॉप होता. पावसाळ्यात गच्चीवरची फायबर तुटली तेव्हा मोबाइल यूएसबीने त्याला जोडला होता आणि ते इंटरनेट केबलवरून घरभर मिळावं म्हणून मी शेअरिंग सुरू केलं होतं. फायबर जोडली गेली, मोबाइल काढला, शेअरिंगची खूण तशीच राहिली.

आता दिवसा आणि संध्याकाळी फरक का पडायचा तेही सांगतो, कारण कारण कळलं की हा दोष पुन्हा ओळखता येतो. नव्याने जोडलेलं यंत्र नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून विचारतं, ‘मला पत्ता कोण देणार?’ डबा आणि डेस्कटॉप दोघंही उत्तर द्यायचे. ज्याचं उत्तर आधी पोचतं त्याचा पत्ता बहुतेक यंत्रं घेतात. डेस्कटॉपचा घेतला की सगळी रहदारी त्याच्याकडे जाते आणि त्याच्यापुढे इंटरनेटच नाही. एकदा पत्ता मिळाला की त्याची मुदत निम्मी सरल्यावर यंत्र ज्याने दिला त्याच्याकडेच नूतनीकरण मागतं. आईचा मोबाइल दिवसभर घरीच, म्हणून तो डब्याशीच बांधलेला. लॅपटॉप संध्याकाळी बाहेरून यायचा आणि टीव्ही तेव्हाच लागायचा, नेमका डेस्कटॉप चालू असताना. डबा बंद-चालू केल्यावर सगळ्यांची विचारणा नव्याने व्हायची, म्हणून कधी सुधारायचं, कधी नाही.

खात्रीसाठी दोन गोष्टी केल्या. लॅपटॉपवर एआरपी उणे ए ही आज्ञा दिली आणि १९२.१६८.१३७.१ पुढचा फिजिकल ॲड्रेस (यंत्राच्या हार्डवेअरचा क्रमांक) डेस्कटॉपच्या फिजिकल ॲड्रेसशी जुळवून पाहिला. तोच निघाला. मग लॅपटॉपला हाताने पत्ता दिला: १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस ८.८.८.८ (गूगलचा). इंटरनेट तत्काळ सुरू. म्हणजे हवा, केबल, लाइन सगळं ठीक, फक्त पत्त्यांचा घोळ. हा पत्ता चाचणीपुरताच ठेवा. तसाच राहिला आणि डब्याच्या वाटण्याच्या कक्षेतला असला, तर पुढे डबा तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देईल आणि दोघंही अडकतील.

उपाय डेस्कटॉपवर. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून एनसीपीए डॉट सीपीएल टाइप केलं की जोडण्यांची यादी उघडते. इथे एक गफलत हमखास होते: खूण केबलच्या जोडणीवर नसते, ज्या जोडणीचं इंटरनेट वाटलं तिच्यावर असते. माझ्या बाबतीत ती मोबाइलची यूएसबी जोडणी होती आणि मोबाइल लावल्याशिवाय यादीत दिसतच नव्हती. मोबाइल लावला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ टॅबवरची पहिली खूण काढली. मग केबलच्या जोडणीत आयपीव्ही४ उघडून पत्ता आणि डीएनएस दोन्ही ‘ऑटोमॅटिकली’वर आहेत ना ते पाहिलं. नसतील तर तसे करा.

एवढ्याने बाकीची यंत्रं लगेच सुधारत नाहीत, त्यांच्याकडे जुना पत्ता असतो. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिगला आधी रिलीज, मग रिन्यू लावून आज्ञा दिली. मोबाइलचं वायफाय बंद करून चालू केलं. टीव्हीचा प्लग काढून मिनिटभराने लावला, कारण रिमोटने बंद केलेला टीव्ही पूर्ण बंद होत नाही.

नंतर क्रमाने तीन चाचण्या: पिंग (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा) १९२.१६८.१.१, पिंग ८.८.८.८, आणि एनएसलुकअपने (नावाचा पत्ता शोधणारी आज्ञा) एखाद्या संकेतस्थळाचं नाव. पहिली अडली तर दोष घरात. पहिली जमून दुसरी अडली तर डब्यात किंवा बाहेर. फक्त तिसरी अडली तर डीएनएस बदला. तिन्ही जमल्या.

प्रिंटर मात्र अजून आतल्या खोलीतच सापडत होता, बाहेरच्या लॅपटॉपवरून नाही. आतल्या जुन्या राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या) सॉकेटमध्ये केबल होती, त्यामुळे त्याने स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटलं होतं. त्याला नुसतं वायफाय देणारं यंत्र करायचं तर क्रम सांभाळावा लागतो. आधी तो नेटवर्कपासून सोडवा आणि फक्त लॅपटॉप केबलने त्याच्या ‘लॅन’ (घरातली यंत्रं जोडायच्या) सॉकेटला लावा. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. मगच दाराजवळून आलेली केबल त्याच्या ‘लॅन’ सॉकेटमध्ये खोचा, ‘वॅन’ रिकामा ठेवा. डीएचसीपी बंद न करता ‘लॅन’मध्ये केबल लावलीत तर तोच दोन पत्तेवाल्यांचा प्रकार पुन्हा सुरू होतो, आणि त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ असून तो न बदलता लावलीत तर दोन्ही राउटर त्या एका पत्त्यावर भांडतात. मुख्य डब्यात पत्ते वाटण्याची कक्षा (शेवटचा आकडा) १०० ते २०० ठेवलीय, म्हणजे .२ कुणाला दिला जात नाही.

आतला वेग ९४ एमबीपीएसच्या वर जाईना. दोन्हीकडची सॉकेट गिगाबिटची (१००० एमबीपीएस) असूनही हा आकडा दिसला की केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटलीय असं समजायचं: १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. भिंतीच्या ओलीने आणि खाऱ्या हवेने टोकाच्या तांब्यावर हिरवट थर चढला होता. दोन इंच केबल कापून नवा आरजे४५ (केबलच्या टोकाचा कनेक्टर) क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला. रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना तोच. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. लॅमिंग्टन रोडवर केबल मीटरवर मिळते. घेताना तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, वाकवताना लवकर तुटते. घेऊ नका.

पुढच्या पावसाळ्यात फायबर तुटली तर केबलवरून शेअरिंग करणार नाही. डेस्कटॉपला वायफाय असेल तर विंडोजचा ‘मोबाइल हॉटस्पॉट’ वापरावा. तोही १९२.१६८.१३७ चेच पत्ते देतो, पण आपल्या वेगळ्या वायफायवर, घरच्या केबलवर नाही, त्यामुळे डब्याशी टक्कर होत नाही. डब्याच्या मागे मी कागद चिकटवलाय: डबा .१, आतला राउटर .२, प्रिंटर .१०, आणि त्याखाली, ‘१३७ दिसलं तर डेस्कटॉप बघ’.