तान, चेन आणि एक जुना 'त'

भारतातून कुणी आमच्याकडे सिंगापूरला राहायला आलं की तिसऱ्या दिवसापर्यंत 'तान' या चिनी आडनावाचा प्रश्न येतोच. दातांचे डॉक्टर तान, लेकीच्या वर्गशिक्षिका तान, समोरच्या दारातल्या आजी तान, आणि बसमधून जाताना दिसतं ते तान टॉक सेंग हॉस्पिटल. "हे सगळे एकमेकांचे कोण लागतात गं?" थोडं वाचलेलं कुणी असलं तर पुढचंही विचारतं, "चीनमध्ये तर हे चेन ना? इकडे येऊन बिघडून तान झालं असेल."

'बिघडून' या शब्दापाशी मी दर वेळी अडते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते.

चेन आणि तान यांचं अक्षर एकच. समोरच्या आजींनी पहिल्याच भेटीत ते मला तळहातावर बोटाने काढून दाखवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "कान-पूर्व तान." डावीकडे कानाच्या अक्षरासारखं दिसणारं चिन्ह (मुळात ते टेकाडाचं), उजवीकडे 'पूर्व' हे अक्षर. चिनी माणसं आडनाव अशीच फोडून सांगतात. ली सांगायचं तर 'झाड-मूल ली'. कारण नुसत्या उच्चारावर भरवसा ठेवता येत नाही. हे एकच अक्षर बीजिंगमध्ये चेन वाचतात, हाँगकाँगमध्ये चॅन, हक्का लोकांत चिन, व्हिएतनाममध्ये त्रान आणि दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या होक्किएन लोकांत तान. उलट बीजिंगचा एखादा तान तुम्हाला भेटला, तर त्याचं अक्षर वेगळं, आडनावही वेगळं.

चेन हे मुळात गावाचं नाव. आपल्याकडे गावावरून '-कर' लागतं तसंच समजा. इ.स.पू. १०४६च्या सुमारास चौ घराण्याच्या वू राजाने शांग राजवट उलथवली आणि पुराणपुरुष सम्राट शुन याच्या एका वंशजाला चेनचा मुलूख दिला, आपली थोरली मुलगीही दिली. आजच्या हेनान प्रांतातलं हुआइयांग ते हेच. त्या वंशजाचं जुनं कुळनाव वेगळं होतं. 'चेन' ही नुसती जहागीर होती. पुढे राज्य गेलं आणि लोकांपाशी त्याचं नाव उरलं.

माझा आवडता भाग मात्र याआधीचा आहे. इ.स.पू. ६७२मध्ये चेनच्या दरबारात रक्तपात झाला आणि वान नावाचा राजपुत्र जीव वाचवून पूर्वेला, आजच्या शानडोंगमधल्या 'ची' राज्यात पळून गेला. तिथे त्याचे वंशज वाढले, मोठे झाले, आणि इ.स.पू. ३८६मध्ये चौ राजाने त्यांनाच ची राज्याचे अधिपती म्हणून मान्यता दिली. इतिहासात या घराण्याचं नाव येतं ते चेन म्हणून नव्हे, तिएन म्हणून. माणसं तीच. मग चेनचं तिएन कसं झालं?

चिआन दाशिन (१७२८–१८०४) या पंडिताने याचा उलगडा केला. त्याचं म्हणणं असं की प्राचीन काळी चेन हे अक्षर तिएनसारखंच वाचत. आज ज्या बऱ्याच अक्षरांचा उच्चार 'च'सारखा होतो, ती तेव्हा 'त'च्या घरातली होती. पुढे बहुतेक चिनी बोलींत तो 'त' सरकून 'च' झाला. फुजियानकडच्या बोली त्याआधीच मूळ खोडापासून फुटून वेगळ्या झाल्या होत्या, म्हणून त्यांच्यात तो राहिला. याचा पुरावा तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. आपण 'चहा' म्हणतो आणि इंग्रज 'टी'. अक्षर एकच, एक उच्चार 'चा' म्हणणाऱ्या बोलींचा, दुसरा होक्किएन 'ते'चा. चेन आणि तान यांच्यातला फरक अगदी तोच आहे. तेव्हा आजींच्या आडनावातला 'त' बिघडलेला नाही. राजपुत्र वान ज्या आवाजात आपलं नाव सांगत असेल, त्याची सुरुवात चेनपेक्षा तानच्या जवळची होती. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दार ठोठावून आजींना सांगायला गेले होते.

आता नात्याचं. फुजियान आणि तैवानमध्ये म्हण आहे, "चेन आणि लिन मिळून अर्धं जग." आज चीनमध्ये हे पाचवं सर्वांत मोठं आडनाव आहे आणि सिंगापूरच्या चिनी लोकांत तान पहिलं. इतक्या जणांचा एक पूर्वज कुठून असणार? कुणी दत्तक गेलं, कुणी आडनाव बदललं. जॅकी चॅनचं घराणं मुळात फांग. त्याच्या वडिलांनी चॅन लावलं. तरीही समान आडनावात लग्न करायचं नाही हा सगोत्रासारखा नियम कित्येक पिढ्या पाळला गेला.

आणि देऊळ एकच. सिंगापूर नदीजवळ मॅगझीन रोडवर तान कुळाचं देऊळ आहे, १८७६ ते १८७८मध्ये बांधलेलं. ते उभारण्यात तान टॉक सेंग यांचे चिरंजीव तान किम चिंग पुढे होते. आत पूजा होते ती चेन युआनगुआंग या तांग काळातल्या सेनापतीची. त्याने ६८६मध्ये फुजियानमधलं झांगझोऊ वसवलं आणि लोकांनी पुढे त्याला देव केलं. पाहुण्यांना मी तिथे आवर्जून नेते. छपरावरचे ड्रॅगन बघून ते फोटो काढतात, मी मात्र त्यांना दारावरचं अक्षर शोधायला लावते.

शेजारच्या इंडोनेशियात १९६६नंतर चिनी नावं टाकून स्थानिक वाटतील अशी नावं घेण्याचा दबाव आला. तेव्हा कित्येक तान 'तानोतो' झाले, 'सुतान्तो' झाले, 'हार्तान्तो' झाले. सरकारी कागदावर चिनी नाव नाही, आणि तान मात्र शाबूत.

सिंगापुरात १९८०च्या दशकात शाळांनी मुलांची नावं मँडरिन, म्हणजे बीजिंगकडच्या प्रमाण चिनीच्या उच्चाराप्रमाणे लिहायला सुरुवात केली. आजींचा मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत होता. पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीत "चेन" म्हणून पुकारलं आणि तो गप्प बसून राहिला, कारण आपल्यालाच हाक मारताहेत हे त्याला कळलंच नाही. संध्याकाळी वहीवर गैरहजरचा शेरा बघून आजी रडल्या होत्या. त्याच मुलाला पुढे मुलगी झाली. तिच्या नावाचे दोन्ही शब्द मँडरिन आहेत, शाळेत आणि नोकरीत सोयीचे. त्या दोन शब्दांच्या आधी आजींनी स्वतः जाऊन दाखल्यावर लिहून घेतलं: तान.