विदर्भाच्या लोहयुगाचा कालक्रम: रेडिओकार्बन तारखा जुळवण्याचा माझा अनुभव

जुनापाणी असो, माहुरझरी असो, टाकळघाट-खापा किंवा नायकुंड असो, नागपूर परिसरातल्या शिळावर्तुळांचा (दफनाभोवती दगड मांडून केलेल्या वर्तुळांचा) काळ विचारला की "इ.स.पू. 1000 ते 300" हे उत्तर ठरलेलं. सातशे वर्षं म्हणजे पंचवीस-तीस पिढ्या झाल्या. त्यात आधीची वस्ती कोणती, नंतरची कोणती, नायकुंडसारखी लोखंड गाळण्याची भट्टी या पट्ट्यात कुठे बसते, हे सांगायचं तर तारखांचा क्रमच लावावा लागतो. मी या कामात आहे. ते कसं होतं आणि कुठे अडतं, ते इथे लिहितो.

पहिली अडचण आपल्या हातातली नाही. रेडिओकार्बन पद्धतीत जुन्या सजीव वस्तूत किती कार्बन-14 उरलाय त्यावरून वय काढतात, पण हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण सगळ्या काळांत सारखं नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेने दिलेलं वय इंटकॅल20 या वक्रावरून खऱ्या वर्षांत बदलावं लागतं. हा वक्र इ.स.पू. 800 ते 400 या काळात जवळजवळ सपाट आहे. त्याला हालस्टाट पठार म्हणतात. 2750 ± 30 बीपी (बीपी म्हणजे 1950 पासून मागे मोजलेली वर्षं, ± म्हणजे मोजणीतली अनिश्चितता) ही तारीख कॅलिब्रेट केली, म्हणजे वक्रावरून खऱ्या वर्षांत बदलली, की साधारण इ.स.पू. 970 ते 820 असा दीडशे वर्षांचा टप्पा मिळतो. 2450 ± 30 बीपी केली की इ.स.पू. 750 ते 410! यंत्र कितीही चांगलं असो, एकट्या तारखेतून याहून जास्त निघत नाही, आणि आपल्या लोहयुगाचा मोठा भाग या पठारावर येतो. म्हणून ठिकठिकाणच्या सुट्या तारखा करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. एकाच चरात, खालून वर, थरांच्या क्रमाने घेतलेले सहा-आठ नमुने त्यापेक्षा खूप जास्त सांगतात.

नमुने पाठवण्याआधी ऑक्सकॅल या कॅलिब्रेशनच्या संगणक प्रोग्राममध्ये आर-सिम्युलेट ही आज्ञा वापरून खोट्या तारखांवर आराखडा तपासून घ्यावा. किती नमुने, कोणत्या थरातून आणि ± किती असला तर उत्तर पन्नास वर्षांच्या आत येईल, हे पैसे भरण्याआधीच कळतं.

आता नमुना कशाचा? कोळसा सहज सापडतो, पण आपल्याकडे तो बऱ्याचदा सागाचा असतो. दीडशे वर्षांच्या सागाच्या गाभ्याचं लाकूड जाळलं, तर तारीख जाळल्याची येत नाही, ते वलय वाढलं त्या वर्षाची येते. घराचा जुना वासा चुलीत गेला असेल तर फरक आणखी वाढतो. भट्टीच्या कोळशाची हीच गोष्ट. म्हणून मी एका हंगामात वाढलेली वस्तू शोधतो: जळालेला तांदूळ, मसूर, कुळीथ, जव. कोळसाच घ्यावा लागला तर बारीक फांदीचा, साल टिकलेली असेल तर उत्तम.

दाणे मिळवायला फ्लोटेशन करावं लागतं. चुलीच्या राखेतली किंवा साठवणीच्या खड्ड्यातली किमान 20 लिटर माती बादलीतल्या पाण्यात सोडायची, हलक्या हाताने ढवळायची आणि वर तरंगलेलं 0.3 मिलिमीटरच्या चाळणीवर ओतायचं. सावलीत वाळवायचं, कारण आपल्या उन्हात ओला दाणा तडकतो. पांढरीची (जुन्या वस्तीच्या टेकाडाची) माती लवकर सुटते. काळी माती गोळे धरते, तिला आधी भिजत ठेवावं लागतं. दाणा चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवावा, कापसात किंवा कागदात नको. गोंद, फेव्हिकॉल, संरक्षक लेप यांचा स्पर्शही नको, कारण तो सगळा बाहेरचा कार्बन आहे.

सगळ्यात जास्त दगा काळी मातीच देते. एप्रिल-मेमध्ये तिला हात-दीड हात खोल भेगा पडतात, वरचे दाणे त्यात घरंगळतात आणि पावसात भेग मिटून जाते. खालच्या थरातून निघालेला मसूर वरच्या थरातला असू शकतो. म्हणून मोकळ्या थरातला एकटा दाणा मी घेत नाही. चुलीत, मडक्यात किंवा चोपलेल्या जमिनीखाली एकत्र मिळालेले दाणे घ्यावेत आणि एकाच जागेतले दोन वेगवेगळे तपासावेत. दोन्ही तारखा जुळल्या तरच त्या जागेवर विसंबावं.

दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात किंवा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत त्वरक पद्धतीने (कार्बन-14 चे अणू थेट मोजून) मोजणी होते. त्याला साधारण 1 मिलिग्रॅम कार्बन पुरतो, तरी 10 ते 20 मिलिग्रॅम नमुना द्यावा, कारण धुण्यात निम्म्याहून जास्त जातो. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याने चुनखडीचे कण निघतात (आपल्या मातीत ते भरपूर). मग सौम्य अल्कली, त्यात मातीतली ह्युमिक आम्लं तपकिरी होऊन उतरतात. शेवटी पुन्हा आम्ल, कारण अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते. बारीक दाणा अल्कलीत पूर्ण विरघळूही शकतो. तशी सूचना नमुन्याबरोबर लिहून द्यावी. धुणं नीट झालं नाही आणि एक टक्का आधुनिक कार्बन राहिला, तर 2500 वर्षांचा नमुना सुमारे 30 वर्षांनी तरुण दिसतो. दहा टक्के राहिला तर जवळपास 290.

जुन्या अहवालांतल्या तारखाही मॉडेलमध्ये, म्हणजे तारखा आणि थरांचा क्रम एकत्र मांडणाऱ्या हिशोबात, घालाव्यात, पण वाचून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तारखा, म्हणजे टीएफ क्रमांकाच्या, अनेकदा कार्बन-14 च्या दोन अर्धायुष्यांनी (तो निम्मा व्हायला लागणाऱ्या वर्षांनी) दिलेल्या असतात: 5568 आणि 5730. कॅलिब्रेशनला 5568 चीच घ्यायची. दुसरी घेतली तर 2500 च्या जागी 2575 धरल्यासारखं होतं. शिवाय जिथे बीपीतून नुसते 1950 वजा करून इसवीसनपूर्व काढलंय, ते वर्ष सोडून मूळ बीपी आकड्याकडे जावं. त्यांचा ± 100 च्या आसपासचा असतो आणि नमुना बहुधा कोळशाचा, त्यामुळे मी त्यांना "याच्या आधीचं नाही" एवढ्यापुरतंच वापरतो.

ऑक्सकॅलमध्ये थर सिक्वेन्स या आज्ञेने, एका थरातल्या तारखा फेजने आणि वस्तीची सुरुवात-शेवट बाउंड्रीने मांडतात. खालचा थर वरच्याआधीचा, एवढी अट घातली की पठारावरच्या लांब शक्यता दोन्ही बाजूंनी छाटल्या जातात. जुळणीचा निर्देशांक (तारीख या मांडणीत किती बसते याचा आकडा) 60 च्या खाली गेला तर ती तारीख लगेच काढून टाकू नये. आधी उत्खननाची वही उघडून तो दाणा भेगेतून आला का ते पाहावं. काढलीच तर कारणासकट तसं छापावं.

हे झालं वस्तीचं. शिळावर्तुळांचं जास्त कठीण, कारण दफनांत दाणे क्वचितच असतात आणि आपल्या उष्ण, ओल्या-सुक्या होणाऱ्या मातीत हाडांतलं कोलॅजन (ज्याची तारीख करतात ते प्रथिन) टिकत नाही. हाडात नायट्रोजन 0.76 टक्क्यांहून कमी असेल तर बहुधा कोलॅजन मिळणार नाही; मिळालंच तर कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर 2.9 ते 3.6 मध्ये बसतं का ते बघावं. पूर्ण जळून पांढरं झालेलं हाड सापडलं तर त्यातल्या कार्बोनेटची तारीख करता येते, म्हणून असे तुकडे धुऊन टाकून न देता वेगळे ठेवावेत. तोवर वर्तुळं आणि वस्ती यांचा दुवा भांड्यांवरच आहे: काळी-तांबडी आणि अभ्रकमिश्रित तांबडी खापरं दोन्हीकडे मिळतात. ती कोणत्या थरात किती, याची मोजदाद तारखांच्या तक्त्याशेजारीच द्यावी. तक्त्यात प्रयोगशाळा क्रमांक, कॅलिब्रेशनआधीचं बीपी वय, ±, डेल्टा-13 चा (कार्बन-13 च्या प्रमाणाचा) आकडा, नमुन्याची जात, चर आणि थर हे सगळं हवं. पुढे वक्र बदलला की हाच तक्ता घेऊन कुणालाही हिशोब पुन्हा करता येतो.